दहा वेळा पाहिलेला ज्वालामुखी

शहागंजातल्या माझ्या ऑफिसबाहेर एक फ्लेक्स होता. त्यावर माझा फोटो, मागं धूर सोडणारा डोंगर आणि खाली ठळक अक्षरं : ‘जावा बेटावरचा ज्वालामुखी दहा वेळा पाहिलेला माणूस.’ फोटोतला मी खरा. डोंगरही खरा. फक्त आम्हा दोघांची गाठ फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर पडली होती. मागच्या महिन्यात तो फ्लेक्स मी स्वतः स्टुलावर चढून काढला. स्टुलावर चढलो हे मुद्दाम सांगतोय, कारण मला उंचीची भयंकर भीती वाटते असं निम्म्या संभाजीनगराचं मत आहे. ते मतही मीच तयार केलेलं आहे. ते कसं, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी बोर्डे. धंदा टूर मॅनेजरचा. सहली काढतो आणि सहलीबरोबर जातो. लोकांना वाटतं, काय मजा आहे याची, फुकट जग बघतो. जग बघायला मान वर करावी लागते, आणि टूर मॅनेजरची मान सतत खाली असते, कारण तो माणसं मोजत असतो. चहाला थांबलो की मोज, चहा झाला की मोज, लघवीला उतरले की मोज, चढले की मोज. मी ताजमहाल बावीस वेळा पाहिलाय आणि दर वेळी मला त्याच्यासमोर त्रेचाळीस डोकी दिसली. ताजमहाल कसा आहे म्हणून विचाराल तर सांगेन, उजवीकडं संडास आहेत, स्वच्छ आहेत.

मोजणीचं महत्त्व मला एका फुलंब्रीकरानं शिकवलं. धंदा नवा होता. अठ्ठेचाळीस माणसं घेऊन महाबळेश्वरला निघालो. पहिल्या चहाला मोजली तर एकोणपन्नास. परत मोजली, एकोणपन्नास. आमच्या धंद्यात माणूस कमी भरला तर काय करायचं हे ठरलेलं असतं. जास्त भरला तर काय करायचं हे कुणीच सांगितलेलं नव्हतं. देशपांड्यांना वाटत होतं तो जोशांच्यातला आहे, जोशांना वाटत होतं ड्रायव्हरचा मेहुणा. मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर तो फुलंब्रीची गाडी समजून आमच्या गाडीत बसला होता. बसल्या बसल्या हातात पोह्यांची बशी आली, सरकारी गाडीत सुधारणा झाली असं वाटून त्यानं ती खाल्ली. गाडी घाटाला लागेपर्यंत त्याची सगळ्यांशी इतकी ओळख झाली, की आता उतरणं त्याला बरं दिसेना. चार दिवस राहिला. नावेत पुढं बसला. आणि परतताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “बोर्डे, सगळं लई झ्याक, पण रूमला खिडकी पाहिजे व्हती.”

तेव्हापासून मी दोन नियम केले. एक, चालताना मी सगळ्यांच्या शेवटी. पुढं कुणी का असेना, यादी माझ्या हातात आणि माझ्या मागं कुणीही नाही. दोन, डोंगर असो की किल्ला, ज्याला चढता येत नाही त्याच्याजवळ एक मोठं माणूस खाली थांबणार. यातला पहिला नियम एका सहलीत मी मोडला. तोही दुसरा पाळायच्या निमित्तानं, एका दगडावर बसून.

आमच्या धंद्यातलं आणखी एक गुपित सांगून टाकतो. गिऱ्हाईक सगळं ऐकून घेतं, पण ‘मीपण पहिल्यांदाच जातोय’ एवढं एक वाक्य ऐकून घेत नाही. डॉक्टरनं ऑपरेशनच्या टेबलावर म्हटल्यासारखं होतं ते. त्यामुळं प्रत्येक टूर मॅनेजर प्रत्येक ठिकाणी पहिल्यांदा जातो तेव्हा तिसऱ्यांदा जात असतो. मी जरा मोकळ्या हाताचा माणूस, म्हणून दहाव्यांदा.

तर आमच्या शहरातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक पाथ्रीकर सर एक दिवस ऑफिसात आले. गळ्यात शिट्टी. ही शिट्टी ते जेवतानाही काढत नाहीत, आणि झोपताना काढत असावेत याला मला पुरावा मिळालेला नाही. सर म्हणाले, “बोर्डे, नववीच्या मुलांना ज्वालामुखी दाखवायचा. जिवंत. परदेशात. गेलायत का कधी?”

“दहा वेळा,” मी म्हणालो.

त्या रात्रीपासून पुढचे आठ दिवस मी मोबाइलवर त्या डोंगराचे इतके व्हिडिओ पाहिले, की घरात बायकोला धुराचा वास यायला लागला. नवव्या दिवशी बाहेर तो फ्लेक्स लागला. डोंगराचं नाव ब्रोमो. जावा बेटाच्या पूर्वेला. एक अवाढव्य जुनं विवर, त्याच्या तळाशी काळ्या-करड्या वाळूचं मैदान, आणि मैदानाच्या मधोमध हा बुटका डोंगर, चोवीस तास धूर सोडणारा. जीपनं मैदान ओलांडायचं, थोडं चालायचं, अडीचशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या, की आपण थेट काठावर. आत वाकून बघायचं. ज्वालामुखीच्या मानानं हा फार सोयीचा. पायऱ्या आहेत, कठडा आहे, पायथ्याशी चहासुद्धा मिळतो.

पालकांची सभा झाली. शेंद्र्याहून आलेले एक पालक उभे राहिले. “साहेब, आपला सगळा मुलूखच ज्वालामुखीच्या दगडाचा म्हणतेत. वेरूळ त्याच्यात, अजिंठा त्याच्यात, माझी विहीर त्याच्यात. मग पोराला इतक्या लांब कशाला न्यायचं?”

मी म्हणालो, “दादा, आपला थंड झालाय. हे गरम गरम वाढतेत.”

सभा हसली, आणि हसलेली सभा सह्या करते. पण खरा विश्वास माझ्यामुळं बसला नव्हता. तो साळवे बाईंमुळं बसला होता. मागच्या रांगेतली एक मुलगी आपल्या आईला समजावत होती ते मी ऐकलं. “अगं, भ्यायचं काय त्यात? बाई हायेत ना संगं. बाईंनी बघितलाय ज्वालामुखी. त्यांच्या चपलेचा तळ वितळला व्हता!”

ही मुलगी ऋतुजा. फुलंब्रीची, रोज व्हॅननं शाळेत येणारी. तिच्या वडिलांचं काम विहिरी खोदायचं. आणि साळवे बाई म्हणजे भूगोलाच्या बाई, एकतीस वर्षं नोकरी झालेल्या, त्याच वर्षी निवृत्त होणाऱ्या. चालण्यात उजवा पाय थोडा आखडता. बोलणं कमी. बाईंचा ज्वालामुखी शाळेत प्रसिद्ध होता. मातीचा डोंगर, आत सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग. फेस आला की मुलं किंचाळायची आणि मग बाई आपण पाहिलेल्या खऱ्या ज्वालामुखीचं वर्णन सांगायच्या. जमीन कशी तव्यासारखी तापते, केसांत राख कशी बसते, आणि चपलेचा तळ कसा वितळतो. एका तुकडीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. मी तीस वर्षं थापा मारतोय, पण माझी एकही थाप कधी शाळेत शिकवली गेली नाही.

होय, थाप. हे मला सभेनंतर चार दिवसांनी कळलं.

आमच्याकडं प्रत्येक प्रवाशाकडून एक फॉर्म भरून घेतात. त्यात एक रकाना असतो : यापूर्वीचा परदेश प्रवास. बाई ऑफिसात आल्या, चष्मा लावला, सगळा फॉर्म टपोऱ्या अक्षरात भरला आणि त्या रकान्यात लिहिलं, ‘नाही’. पासपोर्ट दिला, तो कोरा करकरीत. त्याचा नवा वाससुद्धा गेला नव्हता.

मी फॉर्म पासपोर्टात घातला. बाईच म्हणाल्या, “बोर्डे भाऊ, हा कागद पाथ्रीकर सरांकडं जातो का?”

“नाय बाई. माझ्या कपाटात जातो. आणि माझं कपाट मलाच उघडत नाय.”

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “नोकरीला लागून आठ-नऊ वर्षं झाली असतील. एका मुलानं विचारलं, बाई, तुम्ही खरा पाहिलाय का? मागं तपासणीसाठी साहेब बसलेले. मी हो म्हणून गेले. दुसऱ्या वर्षी मुलं आधीच विचारायला लागली, चपलेचं सांगा ना, चपलेचं सांगा. मग कसं मागं घ्यायचं? तोंडानं बोलले ते बोलले. कागदावर खोटं मला लिहवत नाही.”

“आणि गुडघा? पायऱ्या हायेत तिथं.”

“दोन महिने झाले, दर रविवारी दौलताबादचा किल्ला चढते. पहिल्या रविवारी अंधारी भुयाराच्या तोंडापासून परत आले. आता वरच्या बारादरीपर्यंत जाते. मुलगा शेंद्र्याला नोकरीला आहे, त्यानं बूट घेऊन दिलेत.” मग म्हणाल्या, “एकदा पाहिला म्हणजे सुटले. मग जे सांगितलं ते खरंच होईल. थोडं उशिरानं.”

त्या वेळी मी त्यांना म्हणू शकलो असतो, बाई, मीपण नाही पाहिलेला. नाही म्हणालो. धंद्याची सवय. एकाच सहलीत दोन माणसं एकच डोंगर न पाहिलेली, आणि बाकी सगळी त्या दोघांच्या भरवशावर निघालेली.

निघायच्या आदल्या दिवशी मी बॅगा तपासतो. विमानात खोबऱ्याची वाटी चालत नाही. तेल असतं तिच्यात, पेट घेते, म्हणून विमानतळावर काढून घेतात. हे मी पालकांना सभेत सांगितलं, कागदावर दिलं, ग्रुपवर टाकलं. सव्वीस मुलांच्या बॅगांतून एकतीस वाट्या निघाल्या. आमच्या मराठवाड्यातली आई पोराला पासपोर्टाशिवाय पाठवील, खोबऱ्याशिवाय नाही. ऋतुजाच्या बॅगेत तर अख्खी ओटी निघाली. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू.

“हे कुणाला गं?”

“ज्वालामुखीला. आई म्हणली, डोंगर जित्ता हाय म्हणता, मंग मोकळ्या हातानं कसं जायचं त्याच्या दारात?”

नारळ, तांदूळ मी काढायला लावले. खण आणि हळदकुंकवाची पुडी राहू दिली. पुढं जावातल्या अगुस नावाच्या आमच्या वाटाड्याला ही गोष्ट सांगितली, तर तो म्हणाला, आमच्या डोंगरातली माणसंसुद्धा सणाला त्या विवरात भाजी, फळं, कोंबड्या टाकतात. म्हणजे ऋतुजाच्या आईला फुलंब्रीत बसून जे कळलं, ते मला आठ दिवस व्हिडिओ पाहून कळलं नव्हतं.

विमानांचं काही सांगत नाही. तीन विमानतळ, प्रत्येक ठिकाणी सव्वीस मुलं. माझे केस तिथंच पांढरे झाले, आधी काळे होते, फोटो आहे.

थेट वाळूच्या मैदानावर या. सकाळचे नऊ-दहा वाजलेले. ब्रोमोला लोक सूर्योदयाला जातात, मी शाळेच्या मुलांना सूर्योदय दाखवत नाही. अंधारात मोजता येत नाही. थंडी अशी, की पाथ्रीकर सरांनी शिट्टी फुंकली आणि ती वाजण्याआधी थोडा विचार करत राहिली. समोर डोंगर, करडा, सुरकुतलेला, वरून पांढरा धूर. उकडलेल्या अंड्याचा वास.

ऋतुजा वही घेऊन बाईंजवळ गेली. त्या वहीत बाईंनीच सगळ्यांना दोन रकाने आखायला लावले होते : ऐकलेलं, पाहिलेलं. “बाई, तुम्ही तर म्हणला होता जमीन तव्यासारखी तापती. हितं तर माझे पाय बधिर झाले.”

मी मागून तोंड घातलं. “तो बाईंचा वेगळा ज्वालामुखी होता. तिखट जातीचा.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. बुटाची नाडी बांधली. गुडघ्यावर पट्टा चढवला. इतक्यात मागच्या जीपमधून आवाज आला तो सार्थक नावाच्या पोराचा. सकाळी त्यानं घरून आणलेले नऊ धपाटे खाल्ले होते. ही अतिशयोक्ती नाही, उलट मी दोन कमी सांगतोय. जीपच्या हादऱ्यांनी ते सगळे एकदम परत निघाले. पोरगं पांढरं पडलं, वाळूवर आडवं झालं. चढणं शक्यच नव्हतं.

नियम क्रमांक दोन. मोठी माणसं चार. अगुस वाट दाखवायला पुढं. पाथ्रीकर सर मुलांबरोबर, मुख्याध्यापकाशिवाय मुलं वर कशी न्यायची? मी यादी घेऊन शेवटी. उरलं कोण?

सर अगदी सहज म्हणाले, “साळवे बाई, तुम्ही थांबा सार्थकपाशी. तुम्ही काय, पाहिलेलाच आहे.”

आणि ऋतुजा, केवळ मायेनं, “हो बाई, तुमचा गुडघापण दुखतो. तुम्ही बसा. आम्ही तुम्हाला व्हिडिओ काढून आणतो.”

सगळी मुलं, “हो बाई, बसा, बसा.”

बाई म्हणाल्या, “बरं.” गुडघ्याचा पट्टा सोडला, त्याची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

मी यादी हातात घेऊन उभा. खरं सांगू, मला त्या डोंगराचं काही प्रेम नव्हतं. पण मलाही वर जायचं होतं. फ्लेक्सवर लिहिलेलं एकदा तरी, दहातलं एक तरी, खरं करून टाकावं असं मनात होतं. पुढची खेप नक्की होती का? कुणाला माहीत. पण मला पुढची खेप निदान असू शकत होती. बाई मे महिन्यात निवृत्त होणार होत्या. मी तिथल्या एका दगडावर मटकन बसलो. पाय लटपटायला लागले. म्हणजे मी लावले.

“सर, मला नाय जमणार.”

“काय नाही जमणार?”

“वर. उंची. डोळ्यांपुढं अंधारी येते मला.”

“अहो, दहा वेळा आलायत ना तुम्ही?”

“दहाही वेळा इथवरच, सर. ह्याच दगडावर.”

आडवा पडलेला सार्थकसुद्धा डोकं उचलून बघायला लागला. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि पंचवीस पोरं सुटली. “काका, अहो विमानात तर बसलात!”

“विमानात खाली बघायची सक्ती नसते,” मी म्हणालो.

सर हसले नाहीत. “बोर्डे, हे आधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही. आम्ही तुमच्या अनुभवावर मुलं घेऊन आलोय.” त्यांचं बरोबर होतं. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे घेरी आल्यासारखं दिसेल आणि त्यांच्याकडं बघावं लागणार नाही.

डोळे उघडले तेव्हा बाई समोर उभ्या. गुडघ्याचा पट्टा परत चढलेला. हात पुढं केलेला. “यादी द्या, बोर्डे भाऊ. शेवटी मी चालते.”

माझ्या यादीला त्याआधी दुसऱ्याचा हात कधी लागलेला नव्हता. मी दिली.

रांग निघाली. वाळूतून, मग पायऱ्यांवरून. सगळ्यात मागं एक करड्या स्वेटरातली बाई, उजवा पाय आखडता, दर वीस पायऱ्यांना थांबून पुढची डोकी मोजणारी. मी खालून तिच्या पायऱ्या मोजत होतो. सवय.

ती अर्ध्यात पोचली असेल नसेल, तोवर सार्थक उठून बसला. पाणी प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली. “काका, मला बरं वाटतंय.”

“झोप.”

“अवो खरंच. चला की आपण. पायऱ्या हायेत, कठडा हाय. तुमी डोळे मिटा, मी हात धरून नेतो.”

पोरगं मला न्यायला निघालं होतं. आणि मी हललो नाही. एकट्याला त्याला पाठवणं नियमात बसत नव्हतं, आणि मी उठून टणाटण पायऱ्या चढलो असतो, तर वर सगळ्यांनी विचारलं असतं, मग मघाशी काय झालं होतं? त्याचं उत्तर बाईंपर्यंत गेलं असतं. म्हणून मी बसून राहिलो आणि भ्यालो. चांगला सव्वा तास भ्यालो. सार्थक वाळूत उकिडवा बसून डोंगराकडं बघत होता. मी त्याला ताजमहालाची गोष्ट सांगितली, फुलंब्रीकराची सांगितली. तो हसला नाही. इतकं पडेल गिऱ्हाईक मला परत भेटलं नाही.

मुलं उतरली ती आरडाओरडा करतच. ऋतुजा मात्र गप्प होती. बाई शेवटी आल्या, यादी माझ्या हातात दिली. “पंचवीस. बरोबर आहेत.”

“काय होतं बाई, आत?”

त्यांनी जरा विचार केला. “धूर. आणि आवाज. गिरणी चालू असल्यासारखा, पण खालून. धूर हलला की थोडं पिवळं दिसतं.”

“बस?”

“बस.” मग म्हणाल्या, “मी सांगायचे त्यापेक्षा कमीच आहे. पण आवाजाचं मी कधी सांगितलं नव्हतं. ते सुचलंच नव्हतं मला.”

वरचं बाकीचं मला जीपमध्ये कळलं. काठावर उभं राहून ऋतुजानं विचारलं होतं, बाई, तुमचा मोठा होता का हा मोठा? आणि बाईंनी सगळ्या वर्गासमोर, कठड्याला धरून, सांगून टाकलं होतं : “मी पाहिलेला हाच पहिला. आधीचा नव्हताच.” मुलांना आधी कळेचना. “मग चप्पल?” “चप्पल शहागंजात वितळली. मे महिना होता, रस्त्यावर नवं डांबर टाकलं होतं.”

आता हिशोब बघा. वर बाई खरं सांगून मोकळ्या झाल्या, त्याच वेळी त्यांची लबाडी झाकायला खाली मी लबाडी करत बसलो होतो. आणि त्या दोन्हीच्या मधे सार्थकचा ज्वालामुखी गेला. कुणी तेव्हाच वरून ओरडून सांगितलं असतं, तर मी त्या पोराला खांद्यावर घेऊन धावलो असतो. या धंद्यात बॅगा हरवल्या, माणसं चुकली, एकदा नवरदेव चुकला. सगळं सापडलं. हे एक सापडलं नाही.

ऋतुजा बाईंशी विमानतळापर्यंत बोलली नाही. “मी मामाला सांगितलं, आज्याला सांगितलं, व्हॅनमधल्या समद्यांना सांगितलं,” एवढंच मला म्हणाली. तिनं टाकलेला खणसुद्धा वाऱ्यानं परत तिच्याच तोंडावर आणून दिला होता. तो तिनं बॅगेत ठेवला होता, देवीनं परत दिला असं आईला सांगणार होती. परतीच्या विमानात बसण्याआधी ती वही घेऊन बाईंसमोर जाऊन उभी राहिली. तोंड फुगलेलंच. वही उघडून ‘पाहिलेलं’ या रकान्यावर बोट ठेवलं. बाईंनी पेन काढलं, तिथं स्वतःचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिली. ऋतुजानं वाचलं, वही मिटली आणि बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

आम्ही परत यायच्या आधीच बातमी परत आली होती. सव्वीस मुलांचे सव्वीस मोबाइल. माझ्या शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे चाचा बसतात, त्यांनी शटर उघडायच्या आधीच गाठलं. “क्या बोर्डे भाई, पहाड के नीचेसेच वापस आ गए बोलते?”

“चाचा, तबियत नरम होती.”

“तबियत नै, टांगां नरम थे बोले बच्चे!”

सार्थक आता बारावीला आहे. शहागंजात भाजी घ्यायला आईबरोबर येतो, आणि रस्त्याच्या पलीकडून ओरडतो, “काका, येता का गच्चीवर?” सगळा बाजार हसतो. मीही हसतो. तेवढा त्याचा हक्क आहे.

तेव्हा फ्लेक्स मी तरीही उतरवला नाही. उलट, ब्रोमोच्या सहली वाढल्या. नंतर दोन शाळा घेऊन गेलो. मुलांना गाडीत मी विवराचं वर्णन सांगतो, धूर, थोडं पिवळं, खालून गिरणीचा आवाज. सगळे शब्द बाईंचे. मुलं चिडीचूप ऐकतात. आणि दोन्ही वेळा त्या वाळूवर पोचलो, की तिथले सर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “बोर्डे, तुम्ही खालीच थांबा. आम्हाला पाथ्रीकर सरांनी सांगितलंय तुमच्या उंचीचं.” ‘बरं’ म्हणालो आणि त्याच दगडावर बसलो. आता त्या दगडाला माझ्या बैठकीचा आकार आलाय.

मागच्या महिन्यात बाईंचा फोन आला. निवृत्तीनंतर त्या घरीच असतात, अजून रविवारी किल्ला चढतात. दिवाळीच्या सुट्टीत पाथ्रीकर सर परत मुलं घेऊन निघालेत हे त्यांना कळलं होतं.

“बोर्डे भाऊ, एक विचारायचं राहूनच गेलं. तुम्ही खरंच दहा वेळा गेला होता का हो?”

मी म्हणालो, “बाई, हा कॉल कुठं रेकॉर्ड होतो का?”

“नाही.”

“एकदाही नाय. तुमच्याबरोबर गेलो तो पहिला.”

पलीकडं त्या हसायला लागल्या. एकतीस वर्षं वर्गात हसू दाबणारी बाई कशी हसेल तशा, आधी नाकातून, मग मोकळ्या. हसून झाल्यावर म्हणाल्या, “मीपण येते या वेळी. सरांशी बोलले. या खेपेला खाली मी बसते.”

“आणि माझी उंचीची भीती?”

“ते तुमचं तुम्ही सांगा सगळ्यांना. मी माझं सांगितलं.”

म्हणून हे सगळं इथं छापून टाकलं. पाथ्रीकर सर हा अंक दर दिवाळीला घेतात, शिट्टी सावरून वाचतीलच. सार्थकच्या घरी एक अंक मी स्वतः नेऊन देणार आहे. या सहलीत त्याच्यासाठी एक जागा धरून ठेवली आहे. बारावी आहे, येईलच असं नाही, आणि आला तरी गच्चीचं ओरडणं थांबेल असं नाही.

फोन ठेवताना बाईंनी एक अट घातली. “वर जा, नीट बघा, आणि खाली येऊन मला जे दिसलं तेवढंच सांगा. एक शब्द जास्त नाही.”

पायऱ्या मी चढेन. या अटीचं काय करायचं ते अजून कळत नाही.